विषाणू सर्वांचा, मृत्यू गरिबाचा

महाराष्ट्राच्या नियमित लसीकरण कार्यक्रमात २०१९ साली रोटाविषाणूच्या लसीचा समावेश झाला. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या वयात ती बालकाला तोंडावाटे द्यावयाची असते आणि शासकीय केंद्रांत तिला पैसे पडत नाहीत. तान्ह्या मुलांच्या प्राणघातक अतिसाराच्या एका प्रमुख कारणावर देशातच तयार झालेला प्रतिबंधक उपाय सरकारने गरिबाच्या दारी आणला, ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु या स्वागताच्या गजरात एक समज नकळत रुजून गेला. लस आली; आता उरले ते आरोग्य खात्याच्या नोंदवह्या भरण्याचे काम! जालना जिल्ह्याच्या मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास उसाच्या फडांकडे निघणाऱ्या कुटुंबांकडे पाहिले, म्हणजे हा समज किती फसवा आहे ते ध्यानात येते.

प्रथम या विषाणूची ओळख करून घेणे आवश्यक आहे. कारण त्याच्या स्वभावातच या प्रश्नाचे राजकारण दडलेले आहे. १९७३ सालापर्यंत लहान मुलांच्या बहुसंख्य जुलाबांचे कारण वैद्यकशास्त्राला सांगता येत नव्हते. त्या वर्षी ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी बालकांच्या आतड्याच्या अस्तराचे कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्यांना चाकाच्या आकाराचे विषाणू दिसले. इंग्लंडमधील थॉमस फ्लेवेट यांनी पुढे लॅटिनमधील चाक या अर्थाच्या शब्दावरून त्याला रोटाविषाणू हे नाव सुचविले. हा विषाणू लहान आतड्यातील अन्नरस शोषणाऱ्या पेशींचा नाश करतो. आधी ताप आणि ओकाऱ्या, मग पाण्यासारखे ढाळ, आणि काही तासांतच बालकाचे डोळे खोल जातात, टाळू बसते. सहा महिने ते दोन वर्षे हे त्याचे आवडते वय. नेमके याच वयात दात येतात. म्हणूनच मराठवाड्यातील आया ‘दाताची हगवण’ म्हणतात, त्यात त्यांच्या अडाणीपणापेक्षा निरीक्षणच अधिक आहे. त्यांनी काळ बरोबर ओळखला, कारण तेवढे चुकले. कारण तर १९७३ पूर्वी लंडनच्या डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते.

आता मुख्य मुद्दा. अतिसार म्हटला की घाण पाणी, उघडी गटारे आणि हागणदारी आठवतात. पटकी, विषमज्वर, आमांश यांच्याबाबतीत ते योग्यही आहे. रोटाविषाणूची गोष्ट निराळी आहे. रोग्याच्या एक ग्रॅम विष्ठेत त्याचे अब्जावधी कण असतात आणि नवे मूल आजारी पाडण्यास शंभराच्या आतले कणही पुरतात. लस येण्यापूर्वी अमेरिकेतील जवळजवळ प्रत्येक मुलाला पाच वर्षांचे होण्याआधी हा संसर्ग होऊन जात असे. तेथील नळाला चोवीस तास शुद्ध पाणी होते, शौचकूप होते, साबण होता. तरीही होत असे. म्हणजे संसर्गाच्या बाबतीत हा विषाणू वॉशिंग्टनच्या आणि वाटूरच्या बालकांत फारसा भेद करीत नाही. भेद होतो तो नंतर. लसीपूर्व काळात अमेरिकेत या विषाणूने वर्षाकाठी वीस ते साठ मुले दगावत. भारतात किती?

या प्रश्नाचे उत्तर काय मिळते ते पाहण्यासारखे आहे. दशलक्ष मृत्यूंच्या अभ्यासावर आधारलेल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार २००५ साली पाच वर्षांखालील १ लाख १३ हजार बालके रोटाविषाणूने मृत्यू पावली. २०१४ साली भारतीय शास्त्रज्ञांनी केलेल्या दुसऱ्या अंदाजात २०११ ते २०१३ या काळासाठी हा आकडा वर्षाला ७८ हजार आला. २०१३ या वर्षासाठीचा एक आंतरराष्ट्रीय अंदाज ४७ हजारांचा आहे. मधल्या काळात बालमृत्यू घटले, हे खरे. पण जवळजवळ एकाच काळाबद्दलचे ७८ हजार आणि ४७ हजार या दोन आकड्यांत तीस हजारांहून अधिक बालकांची तफावत पडते, ती मृत्यूंच्या घटीमुळे पडत नाही. पद्धतीच्या फरकामुळे पडते. या देशात साखरेचे पोते कोणत्या गोदामात आहे याचा हिशेब लागतो. परंतु दोन वर्षांच्या आतले मूल कशाने मेले हे सांगण्यासाठी मृत्यूनंतर कित्येक महिन्यांनी त्याच्या आईबापांना प्रश्न विचारून अदमास बांधावा लागतो. शास्त्रज्ञांचा यात दोष नाही. जेथे मृत्यूची वैद्यकीय नोंदच होत नाही तेथे ते दुसरे काय करणार?

२०१४ च्या त्याच अभ्यासात या रोगामुळे दरवर्षी ८ लाख ७२ हजार मुले रुग्णालयात दाखल होतात आणि उपचारांपायी वर्षाला १०३७ कोटी रुपये खर्च होतात, असेही म्हटले होते. लसीच्या बाजूने हा युक्तिवाद प्रभावी ठरला. हिशेब सोपा आहे. वर्षाला सुमारे अडीच कोटी बालके, प्रत्येकी तीन डोस, डोसची किंमत साठ रुपयांच्या आसपास धरली तर साडेचारशे कोटींत काम भागते. साडेचारशे खर्चून हजार कोटींतला मोठा भाग वाचतो. कोणताही अर्थमंत्री मान डोलावील. पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने या हिशेबाच्या मागची बाजूही पाहिली पाहिजे. हा खर्च कोणाचा मोजला? जे मूल दवाखान्यात पोचले त्याचा. जे मूल जाफराबादच्या एखाद्या वस्तीवरून तालुक्याला नेताना वाटेतच गेले, त्याच्यासाठी ना सलाईन लागले, ना खाट अडली, ना औषधाचे बिल झाले. या जमाखर्चात ते फुकटात मेले. गरिबाचा मृत्यू जितका एकाकी, तितका तो स्वस्त. आणि जितका स्वस्त, तितकी तो टाळण्याची आर्थिक निकड कमी. खर्च-लाभाच्या कोष्टकांवर आरोग्याची धोरणे ठरविणाऱ्यांनी हा दोष मान्य केल्याचे क्वचितच दिसते.

वस्तुतः या विषाणूने आजारी पडलेले मूल वाचविण्यासाठी लागते तरी काय? पाणी, मीठ आणि साखर यांचे योग्य प्रमाण, आणि ते पाजत बसणारे माणूस. १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांच्या लोंढ्यात पश्चिम बंगालमधील बनगाव येथे पटकीची साथ उसळली असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेतून द्यावयाचे द्रव संपल्यावर क्षार-साखरेचे पाणी रोग्यांच्या नातेवाइकांकरवी पाजविले. जेथे शंभरातील तीस रोगी मरत होते तेथे मृत्यूचे प्रमाण चारांच्या आत आले. ‘लॅन्सेट’ने १९७८ साली या उपायाला शतकातील बहुधा सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटले. डॉ. महालनबीस २०२२ साली वारले. पद्मविभूषण त्यांना मरणोत्तर, २०२३ साली मिळाले. सन्मानाच्या दिरंगाईपेक्षा त्या उपायाच्या प्रसारातील दिरंगाई अधिक गंभीर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे अतिसार झालेल्या भारतीय बालकांपैकी साधारण ६० टक्क्यांना क्षारसंजीवनीची पुडी मिळाली आणि जस्ताची गोळी मिळाली ती केवळ ३० टक्क्यांना. विषाणूवर काडीचाही परिणाम न करणारी प्रतिजैविके मात्र खाजगी दवाखान्यांतून सर्रास दिली जातात, कारण पुडी लिहून देणाऱ्या डॉक्टरला रोगी आणि औषधविक्रेता दोघेही डॉक्टर मानीत नाहीत. बाजाराने तर याहून पुढची मजल मारली. भरमसाट साखर घातलेली पेये ‘ओआरएस’ ही अक्षरे छापून औषधाच्या दुकानांतून वर्षानुवर्षे विकली गेली. जादा साखर आतड्यात उलट पाणी ओढते आणि ढाळ वाढविते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने हे नाव वापरण्यास मनाई केली ती ऑक्टोबर २०२५ मध्ये, तीही एका बालरोगतज्ज्ञ महिलेच्या अनेक वर्षांच्या झुंजीनंतर.

आता जालन्याकडे वळू. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा काढलेला हा जिल्हा बियाण्यांसाठी आणि पोलादाच्या सळयांसाठी देशभर ठाऊक आहे. दक्षिणेला गोदावरी, मधून दुधना आणि पूर्णा. तरीही १९७२ च्या आणि २०१२-१३ च्या दुष्काळांत या जिल्ह्याच्या घशाला कोरड पडली आणि २०२४ च्या उन्हाळ्यात टँकरांच्या संख्येत तो राज्यात अगदी वरच्या क्रमांकांवर होता. कोरडवाहू जमीन, हाताला काम नाही, म्हणून येथील हजारो जोडपी मुकादमाकडून उचल घेतात आणि पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील कारखान्यांच्या फडांवर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पाच-सहा महिने पाचटाच्या नाहीतर प्लास्टिकच्या कोपीत संसार, पहाटे फडात, रात्री-अपरात्री गाडी भरण्यासाठी उठायचे. पाणी जवळच्या विहिरीचे वा कालव्याचे. तान्हे मूल फडाच्या बांधावर झोळीत किंवा सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर.

नवरात्रात जन्मलेल्या अशा मुलाचा हिशेब करून पाहावा. त्याचे सहा आठवडे भरतात नोव्हेंबरच्या मध्यास, दहा डिसेंबरात, चौदा जानेवारीत. लसीचे तिन्ही डोस नेमके फडावरच्या दिवसांत येतात. आणि विषाणूचा हंगाम कोणता? येथेच सर्वांत मोठा गैरसमज आहे. हगवण ही पावसाळ्याची, नव्या पाण्याची, अशी लोकांची आणि खात्याची दोघांचीही धारणा आहे. जंतूंपासून होणाऱ्या अतिसाराबाबत ती बरोबरच आहे. परंतु भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पुढाकाराने २००५ पासून देशातील रुग्णालयांत जी पाहणी झाली, तिच्यात अतिसाराने दाखल झालेल्या बालकांपैकी सुमारे ३९ टक्क्यांत रोटाविषाणू सापडला आणि उत्तर व पश्चिम भारतात त्याचा जोर डिसेंबर ते फेब्रुवारी या थंडीच्या महिन्यांत आढळला. केंद्र सरकारने २०१४ पासून अतिसार नियंत्रणाचा पंधरवडा सुरू केला. पुढे २०२४ साली त्याची दोन महिन्यांची मोहीम झाली. ती कधी? जुलै-ऑगस्टात. आशाताई घरोघर क्षारसंजीवनीच्या पुड्या वाटतात, हात धुण्याची प्रात्यक्षिके होतात, आणि या वेळी ऊसतोडणीचे कुटुंब मंठ्यात आपल्या घरी असते. डिसेंबरात विषाणूचा भर येतो तेव्हा मोहीम संपलेली, पुडी घरातल्या फडताळात, आशाताई गावात आणि मूल तीनशे किलोमीटरवर कोपीत! एप्रिलमध्ये परत आल्यावर पहिला डोस घेता येतो, वर्षाच्या आत तो चालतो, हे खरे. पण पहिला हिवाळा तोवर निभावून न्यावा लागतो, तो बिनलसीचा.

फडावरच्या भागातील परिचारिकेने जाऊन लस द्यावी, असा नियम कागदावर आहे. पोलिओच्या काळापासून वीटभट्ट्या आणि ऊसतोड टोळ्या जोखमीच्या वस्त्या म्हणून नोंदल्या जातात. २०१४ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या ‘इंद्रधनुष’ मोहिमेतही त्यांचा उल्लेख होता. पण टोळी आठ-पंधरा दिवसांनी एका शिवारातून दुसऱ्या शिवारात हलते आणि परिचारिकेचा दौरा महिन्याच्या ठरलेल्या वारी असतो. ज्या दिवशी ती येते त्या दिवशी आई फडात असते. बाळाला घेऊन आई केंद्रावर गेली तर कोयता अर्धा होतो आणि मुकादम खाडा लावतो. खाड्याची रक्कम उचलीत मिळवली जाते. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत मोफत सेवेच्या ‘संधीखर्चा’वर प्रकरणे आहेत; फडावर त्यालाच खाडा म्हणतात. मोफत लसीची खरी किंमत अशी मजुराच्या कर्जाच्या वहीत चढते. ओकाऱ्या-ढाळांनी मूल मलूल झाले तरी संध्याकाळपर्यंत थांबावे असे आईला का वाटते, याचे उत्तर तिच्या अज्ञानात शोधणाऱ्यांनी एकदा ती वही वाचावी. ज्या २०१९ साली ही लस राज्यात आली, त्याच वर्षी शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयांच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी शासनाला समिती नेमावी लागली होती. पाळीच्या दिवसांतला खाडा परवडत नाही, म्हणून गर्भाशयच काढून टाकण्यापर्यंत गोष्टी गेल्या होत्या. तेथे बाळाच्या तीन थेंबांसाठी तीन दिवस कोण देणार?

लसीच्या जन्मकथेकडेही समाजवादी दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे. १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. महाराज किशन भान यांना नवजात बालकांत रोटाविषाणूचा असा एक प्रकार आढळला की जो बाळाला आजारी पाडीत नव्हता. उलट, ज्यांना तो होऊन गेला त्यांना पुढे तीव्र आजार कमी होत होता. निसर्गाने तयार केलेली ही लसच होती. त्यापासून ‘रोटाव्हॅक’ होण्यास जवळजवळ तीस वर्षे लागली. सार्वजनिक संस्थेतील शोध, जैवतंत्रज्ञान विभागाचा पैसा, अमेरिकी शासकीय संस्थांचे साहाय्य, धर्मादाय निधी आणि शेवटी हैदराबादची भारत बायोटेक ही खाजगी कंपनी. २०११ पासून दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयामार्फत शिरूर तालुक्यातील वढू परिसरात मिळून ६,७९९ बालकांवर तिची चाचणी झाली. २०१४ मध्ये परवाना, २०१६ मध्ये हिमाचल, हरियाणा, ओडिशा आणि आंध्र या चार राज्यांपासून सुरुवात. पुण्याच्या सीरम संस्थेची दुसरी लस पाठोपाठ आली. कंपनीने डोसला एक डॉलर ही किंमत आधीच जाहीर केली होती, आणि परदेशी लशींच्या मानाने ती फार कमी होती. याचे श्रेय द्यायलाच हवे. परंतु प्रश्न वेगळा आहे. विषाणू सार्वजनिक रुग्णालयातल्या बाळाचा, संशोधक सार्वजनिक पगारावरचा, चाचणीतली बालके बहुतांशी गरिबांची, आणि खरेदीदारही सरकारच. मग उत्पादन तेवढे खाजगीच का? मुंबईची हाफकिन संस्था पोलिओच्या तोंडावाटे द्यावयाच्या लशीचे काम वर्षानुवर्षे करीत आली होती. कसौली, कुन्नूर आणि गिंडी येथील सार्वजनिक लसनिर्मिती केंद्रांचे परवाने २००८ च्या जानेवारीत निलंबित झाले. त्यांची यंत्रसामग्री जुनी झाली होती हे खरे, पण ती जुनी होऊ देणारे कोण होते? सार्वजनिक क्षेत्र आधी उपाशी ठेवायचे, मग ते अशक्त आहे म्हणून बंद करायचे, ही रीत गिरण्यांपासून लशींपर्यंत एकच आहे.

येथवर आपल्याच गोटातील वाचकांना हे सारे पटेल. पुढचे कदाचित पटणार नाही. डाव्या विचारांच्या काही मित्रांनी या लसीला सरसकट विरोध केला. त्यांचे आक्षेप तीन. एक, चाचणीत तिसऱ्या हिश्श्याच्या बालकांना निव्वळ निरुपद्रवी द्रव पाजला गेला, परदेशी लस उपलब्ध असताना. दोन, आतड्यात आतडे शिरण्याच्या दुर्मिळ पण घातक दुष्परिणामाची केंद्रवार आकडेवारी मागूनही खुली केली गेली नाही. तीन, शुद्ध पाणी आणि सकस अन्न द्यावे. लस म्हणजे भांडवलदारांची सोय. पैकी पहिला आक्षेप गंभीर आहे आणि त्यावर नीतिशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. दुसऱ्या बाबतीत ते पूर्णपणे बरोबर होते. अमेरिकेतली पहिली रोटाविषाणू लस याच दुष्परिणामामुळे १९९९ साली, बाजारात आल्यापासून वर्षभरात, मागे घ्यावी लागली होती. जनतेच्या पैशाने, जनतेच्या मुलांवर झालेल्या चाचणीचा तपशील जनतेला मिळालाच पाहिजे. गुप्ततेने लसीवरचा विश्वास वाढत नाही, घटतो. परंतु तिसरा आक्षेप चुकीचा आहे, आणि तो समाजवादाच्या नावाने केला जातो म्हणून अधिक चुकीचा आहे. शुद्ध पाण्याने हा विषाणू थांबत नाही, हे श्रीमंत देशांनी आपल्या मुलांच्या आजारपणांतून सिद्ध केले आहे. पाणी हवेच, पटकीसाठी, आमांशासाठी आणि माणूस म्हणून जगण्यासाठीही. पण घनसावंगीच्या बाळाला सांगायचे की नळयोजना पुरी होईपर्यंत थांब, आणि मुंबईच्या बाळाने मात्र खाजगी दवाखान्यात लस घ्यायची? २०१६ पूर्वी या देशात नेमके हेच चालले होते. पैसे मोजणाऱ्यांना लस होती. मोफत लसीला विरोध केल्याने भांडवलशाहीचे काही बिघडत नव्हते; ती उजळ माथ्याने लस विकतच होती.

याउलट, लस दिली की काम झाले, असे मानणाऱ्या सरकारी पंडितांची चूक दुसऱ्या टोकाची आहे. श्रीमंत देशांत ज्या लशी तीव्र आजारापासून ८५ टक्क्यांहून अधिक संरक्षण देतात, त्याच आशिया-आफ्रिकेत पन्नासच्या आसपास उतरतात. रोटाव्हॅकची परिणामकारकता चाचणीत सुमारे ५४ टक्के भरली आणि कार्यक्रमात आल्यानंतरच्या देशव्यापी पाहणीतही तेवढीच. म्हणजे लस घेतलेल्या बालकांतही जवळजवळ निम्मा धोका शिल्लक राहतो. कुपोषण, सतत जंतूंचा मारा सोसून खरबडलेले आतडे, आईच्या दुधातून येणारी प्रतिद्रव्ये, सोबत दिलेले पोलिओचे थेंब, अशी कारणे सांगितली जातात. कोणत्या कारणाचा वाटा किती याचा उलगडा अद्याप झालेला नाही. याचा अर्थ गरिबी केवळ लसीपर्यंत पोचू देत नाही एवढेच नव्हे. लस पोटात गेल्यावरही ती तिला पुरते काम करू देत नाही.

म्हणूनच अभ्यास हवा. आणि तो कोठे व्हावा हा प्रश्न शास्त्रीय जितका तितकाच राजकीय आहे. मेक्सिकोत दोनशे बालकांचा जन्मापासून पाठपुरावा केला असता दोनदा संसर्ग होऊन गेलेल्या मुलांना पुढे तीव्र आजारापासून पूर्ण संरक्षण मिळाल्याचे दिसले. जगभरच्या लसधोरणाने तो निष्कर्ष गृहीत धरला. वेल्लोरच्या झोपडपट्ट्यांत डॉ. गगनदीप कांग आणि सहकाऱ्यांनी तसाच अभ्यास केला. ३७३ बालकांचे नमुने तीन वर्षांपर्यंत दर पंधरवड्याला घेतले. २०११ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष निराळे होते. सहा महिन्यांच्या आतच निम्म्याहून अधिक मुलांना संसर्ग झालेला होता, आणि तीन संसर्गांनंतरही संरक्षण ८० टक्क्यांच्या आतच राहिले. मेक्सिकोच्या मुलावरून वेल्लोरच्या मुलाचे अनुमान बांधता आले नाही. मग वेल्लोरच्या मुलावरून मंठ्याच्या मुलाचे कसे बांधता येईल? वेल्लोरचे मूल निदान एका गल्लीत राहत होते. ऊसतोड मजुराचे मूल वर्षातून दोनदा पाणी बदलते, अन्न बदलते, शेजार बदलते; दहा जिल्ह्यांची मुले कारखान्याच्या एकाच तळावर एकत्र येतात आणि एप्रिलमध्ये पांगतात. विषाणूच्या प्रकारांचे असे सरमिसळ करणारे यंत्र दुसरे सापडणार नाही. त्याचा अभ्यास मोठ्या शहरांतील रुग्णालयांच्या वॉर्डांत बसून होणे नाही, कारण ते मूल त्या वॉर्डात येतच नाही. शिवाय जेथे रोटाविषाणू मागे हटला तेथे नोरोविषाणू पुढे आला आहे, असा अनेक देशांचा अनुभव आहे; त्यावर आजवर परवाना मिळालेली लस नाही. मराठवाड्यात काय चालले आहे हे तपासल्यावाचून कसे कळणार?

पुण्यात १९५२ साली स्थापन झालेली विषाणू संस्था आहे. १९७८ पासून ती राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. अतिसाराच्या विषाणूंवर तेथे अनेक वर्षे काम झाले आहे. जालना दूर पडते असे कोणी म्हणू नये. हिवाळ्यात जालन्याची बालके पुणे जिल्ह्यातल्याच फडांवर येतात, आणि दौंड-इंदापूरचे ऊसपट्टे या संस्थेपासून तीन-चार तासांच्या आत आहेत. दुसऱ्या टोकाला, ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील ज्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले त्यांत जालन्याचे आहे. वैद्यकीय महाविद्यालयाला सूक्ष्मजीवशास्त्र विभाग असतोच, बालरोग विभाग असतोच, सामाजिक वैद्यक शिकणारे विद्यार्थीही असतात. विष्ठेच्या नमुन्यात रोटाविषाणू ओळखण्याची एलायझा तपासणी ही काही अणुभट्टी नव्हे. जिल्ह्यातून निघणाऱ्या प्रत्येक टोळीतील दोन वर्षांखालील मुलांची यादी दसऱ्यापूर्वी करावी; ती कारखान्याच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे टोळी पोचण्याआधी पोचावी; कोपीवर जाऊन संध्याकाळी, आई परतल्यावर, लस द्यावी; जुलाब झालेल्या मुलांचे नमुने पुण्यास आणि जालन्यास तपासावेत; आणि एप्रिलमध्ये किती मुले परत आली, किती नाहीत, याची मोजणी व्हावी. यासाठी लागणारा पैसा गाळपाच्या प्रत्येक टनावर कारखान्यांकडून वसूल करण्यास कोणाची हरकत असेल तर त्यांनी ती उघडपणे सांगावी. कारखाने उसाचे वजन किलोपर्यंत मोजतात आणि तोडणीची मजुरी त्यावर ठरवितात. बाळाच्या आजारपणात आईने बसून राहिलेला दिवस हा खाडा नव्हे, तो भरपगारी दिवस आहे, अशी अट मजुरीच्या करारात घालून घेणे हे मात्र कोणत्याही प्रयोगशाळेचे काम नाही; ते तोडणी कामगारांच्या संघटनांचे आहे, आणि मजुरीच्या वाटाघाटींत टनाच्या दरापलीकडे हा विषय त्यांनी अजून नेटाने मांडलेला नाही.